फोटोत काही दिसत नाही

आमच्या घरी उशीचे अभ्रे दोन तऱ्हेचे असत. पाहुणे आले की कपाटातून निघायचे ते पांढरे, कोपऱ्यात आईने भरलेल्या फुलांचे. आणि दुसरे दादांचे, म्हणजे वडिलांचे. दादांचा अभ्रा मुळात कुठल्या रंगाचा होता हे कुणालाच आठवत नव्हतं. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका रंगाच्या कारखान्यात होते. भिंतीचा रंग नव्हे, कापडाचा. ज्या आठवड्यात जी बॅच चालू असेल तो रंग त्यांच्या घामातून उशीवर उतरायचा. पिवळा सगळ्यात चिवट. खोबरेल चोळून दोनदा अंघोळ करून झोपले तरी सकाळी उशीवर डोक्याएवढा पिवळा गोल. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि ती बादली मोरीत ओतली की आम्ही भावंडं कडेला उभी राहून पैजा लावायचो, आज कुठला रंग निघतो म्हणून.

ते पाणी पुढे कुठे जातं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पुढे तेच विचारण्याचा पगार मिळायला लागला.

गेली अठरा-एकोणीस वर्षं मी पत्रकारिता करते आहे. आधी एका दैनिकाच्या अर्थविषयक पुरवणीत, नंतर पोर्टलवर. माझ्या कार्डावर नावाखाली ‘सस्टेनेबिलिटी’ असं छापलेलं आहे. ते पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा दादांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “ही काय भानगड?” मी म्हटलं, शाश्वत विकास. चेहरा कोरा. मग मी सुरू केलं, की उद्योग अशा रीतीने चालवायचा की पुढच्या पिढीलाही पाणी, हवा, जमीन...

“टिकाऊ म्हण की मग,” दादा म्हणाले. “पण टिकवायचं काय? कारखाना का नदी?”

दोन्ही, मी म्हटलं. ते हसले आणि कार्ड टीव्हीच्या मागे खोचून ठेवलं. अजून तिथेच आहे.

५ जून २०१७ला, पर्यावरणदिनी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना तारे द्यायची योजना सुरू केली. हॉटेलांना असतात तसे. चिमणीतून किती धूलिकण बाहेर पडतात त्याचे नमुने घ्यायचे आणि त्यावरून एक ते पाच तारे ठरवायचे. पाच म्हणजे चांगला, एक म्हणजे वाईट. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांची तिला साथ होती. मला ती योजना फार धीट वाटली होती, कारण मंडळाच्या फायलींमध्ये नमुन्यांचे ढीग वर्षानुवर्षं पडून होते आणि ते सोप्या भाषेत लोकांपुढे मांडावेत असं प्रथमच कुणाला तरी वाटलं होतं. आपल्या घरामागच्या चिमणीला किती तारे आहेत हे कुणालाही संकेतस्थळावर बघता येणार होतं. मी मोठ्या उत्साहाने हजार शब्द लिहिले. डेस्कवरच्या मुलाने विचारलं, “ताई, याला फोटो काय लावू?” चिमणीचा एक जुना फोटो सापडला, तो लावला. बातमी कुणी वाचली नाही. कुणी म्हणजे खरंच कुणी नाही. मला आलेला एकमेव फोन एका कारखान्याच्या जनसंपर्कवाल्याचा होता, आमचे तारे किती लिहिलेत, हे विचारणारा.

मग ऑगस्ट उजाडला आणि तळोज्यात कुत्री निळी झाली.

आठवत असेल तुम्हाला. तळोजा एमआयडीसीत काही भटकी कुत्री निळीशार होऊन फिरताना दिसली. प्राणिप्रेमींनी फोटो टाकले, आणि दोन दिवसांत ती कुत्री जगभर पोचली. एका कारखान्यात वापरला जाणारा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. आमच्या कार्यालयात भिंतीवर एक मोठा पडदा आहे, आत्ता या क्षणी कुठली बातमी किती जण वाचताहेत ते दाखवणारा. त्यावर माझं नाव असलेली बातमी सकाळी अकराला वर आली आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाही. खोटं कशाला सांगू, मजा आली. संपादकांनी वडापाव मागवले.

त्याच बातमीत खाली, सहाव्या परिच्छेदात, मी लिहिलं होतं की नवी मुंबई महापालिकेने तपासलेल्या पाण्यात बीओडी लिटरला ८० मिलिग्रॅम निघाला आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल त्याचं माप. नदीच्या डोक्यावरची उधारी म्हणा हवं तर. उधारी जितकी जास्त तितका माशांच्या वाटणीचा प्राणवायू कमी. ती सहाच्या पुढे गेली की मासे तगत नाहीत, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. इथे ऐंशी होती. कुत्र्यांना आंघोळ घातली की रंग जात होता. तळोज्याच्या कासाडी नदीला कोण आंघोळ घालणार? सहाव्या परिच्छेदापर्यंत किती वाचक पोचले हेही त्या पडद्यामागचं यंत्र सांगतं. मी बघायला गेले नाही.

आमच्या धंद्यातल्या या प्रकाराला मी मनातल्या मनात रंगपंचमी म्हणते. जानेवारी २०१४मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तेव्हा सगळे वार्ताहर डोंबिवलीत. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथल्याच एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहणीला आले. त्यानंतर वर्षभराने रशियातल्या झेर्झिन्स्क नावाच्या शहरात, बंद पडलेल्या रसायन कारखान्यापाशी, पुन्हा निळी कुत्री निघाली, आणि आमच्या डेस्कने मोठ्या आपुलकीने तीही चालवली. हिरवा, गुलाबी, निळा. या मधल्या काळात, म्हणजे ज्या दिवशी कुठेच काही रंगीत नव्हतं अशा दिवसांत, तारापूरचं औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण घेऊन देशात पहिलं आलं. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित मानतात. बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीचं आपण किती कौतुक करतो! तारापूरचा मात्र धड एक फोटो निघाला नाही. काढणार कशाचा? आकड्याचा?

गुलाबी रस्त्याच्या वेळी मी घरी दादांना व्हिडिओ दाखवला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण रंग दिसला की ते अजून बोट करून सांगतात, हा अमक्या जातीचा, हा तमक्या. व्हिडिओ बघून ते म्हणाले, “पावडर सांडलीय. धुऊन काढतील उद्या.” मग थोडं थांबून, “रंग बिचारा दिसतो गं, म्हणून सापडतो. आमच्याकडे तपासणीला साहेब यायचे म्हटलं की टाकीत हायपो ओतायचे. तासाभरात पाणी काचेसारखं. साहेब खूश.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं कुठं जातंय? ते तिथंच की.”

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आपण घरी पांढरे कपडे उजळायला वापरतो त्याच कुळातलं. रंगाच्या रेणूचा जो भाग डोळ्याला रंग दाखवतो तेवढा तो तोडतो. उरलेला रेणू पाण्यातच राहतो, क्षार तसेच राहतात, आणि क्लोरिनमुळे कधी कधी आधी नव्हतं असं काही नवीनही तयार होतं. पाणी नितळ होतं. स्वच्छ होतंच असं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण कारखाना नव्हता. इतकी वर्षं मी, माझ्यासारखे सगळेच, रंग दिसला की धावत होतो. रंग नसला की घरी बसत होतो. नाल्याकडे बघणाऱ्या एखाद्या हिशेबी मालकाने त्यातून काय धडा घेतला असेल? हाच, की रंग तेवढा घालवा. गाळ नीट काढायला, क्षार वेगळे करायला, पाणी आटवून पुन्हा वापरायला पैसा लागतो, वीज लागते, जागा लागते. हायपोला काही लागत नाही. आम्ही बातम्या देऊन उद्योगावर दबाव आणतो असं आम्हाला वाटतं. दबाव येतो, नाही असं नाही. पण ज्या जागी आमचं बोट आहे तेवढ्याच जागी येतो.

‘ऑनलाइन’ हा शब्द मी दिवसभर दोन अर्थांनी ऐकते. कार्यालयात त्याचा अर्थ आम्ही. कारखान्यात गेलं की तिथला व्यवस्थापक छाती फुगवून सांगतो, “मॅडम, आमचं सगळं ऑनलाइन आहे.” २०१४मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सतरा प्रकारच्या जास्त प्रदूषणकारी उद्योगांना सांगितलं की चिमणीत आणि सांडपाण्याच्या तोंडाशी सेन्सर बसवा आणि त्यांचे आकडे थेट आमच्या सर्व्हरवर येऊ देत. कल्पना चांगली. माणूस नमुना घ्यायला येणार त्या दिवसापुरतं सोवळं पाळायची सोय त्यामुळे उरायला नको होती. एका ठिकाणी मला नियंत्रण कक्षात नेऊन पडदा दाखवला. सीओडीचा आलेख होता. हा बीओडीचाच भाऊ, फक्त घाण जिवाणूंऐवजी रसायनाने संपवून मोजलेला. मर्यादा २५०ची, रेषा त्याच्या खूप खाली, आणि ती रेषा सकाळपासून एकाच आकड्यावर पट्टीने ओढल्यासारखी सरळ. मी रसायनशास्त्र शिकलेली नाही, पण रंगकामगाराच्या घरात वाढले आहे. पाळी बदलली की पाणी बदलतं, टाकी धुतली की बदलतं, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा बदलतं. मी म्हटलं, “साहेब, फारच शांत आहे हो तुमचं पाणी.” ते म्हणाले, “आमची प्रोसेसच तशी स्टेबल आहे.” चहा चांगला होता.

परत येताना गाडीत मला आमच्या भिंतीवरचा पडदा आठवत होता. तिथली रेषा कधी सरळ नसते. तिच्या प्रत्येक उडीमागे एक फोटो असतो.

सांगायला थोडी लाज वाटते, पण कंपन्यांचे ‘बीआरएसआर’ अहवाल, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचे वार्षिक जबाब, मी आवडीने वाचते. मे २०२१मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने हा नमुना ठरवून दिला, आणि २०२२-२३पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो भरणं बंधनकारक झालं. त्याआधीचे अहवाल म्हणजे वृक्षारोपणाचे फोटो असत: रोप एक, धरणारे हात चौदा. आता निदान रकाने आहेत. पाणी कुठून उचललं, नदीतून की बोअरमधून की टँकरने, किती किलोलिटर; सांडपाणी किती, कुठे सोडलं, प्रक्रिया करून की न करता. कंटाळवाण्या रकान्यांमध्ये माणसाचा खरा स्वभाव कळतो, हे माझं मत लग्नाच्या पत्रिकेपासून ताळेबंदापर्यंत सगळीकडे खरं ठरलं आहे.

त्यातला एक रकाना मला विशेष प्रिय आहे. दर रुपयाच्या उलाढालीमागे किती पाणी लागलं, हा. समजा एका कारखान्याने गेल्या वर्षी ओढलं तेवढंच पाणी यंदा ओढलं, पण मालाचा भाव दीडपट झाला. दर रुपयामागचं पाणी बसल्या जागी एक तृतीयांशाने घटलं. थेंबही न वाचवता! मग त्याचं प्रसिद्धिपत्रक माझ्याकडे येतं, हिरव्या पानाच्या चित्रासकट. सेबीच्या हे लक्षात आलं असावं, कारण २०२३च्या सुधारित नमुन्यात नगामागे, टनामागे असाही आकडा मागितला आहे. पत्रकात तो सहसा नसतो. तो अहवालात शोधायला लागतो, आणि शोधायला वेळ लागतो, आणि वेळ हीच गोष्ट आमच्याकडे नसते असं आम्ही एकमेकांना सांगत असतो.

पण खरी गोम पुढेच आहे. हजार कंपन्या म्हणजे शेअर बाजारातल्या बड्या. तळोज्याच्या, डोंबिवलीच्या गटारात ज्यांचं पाणी येतं त्यातले कितीतरी लहान प्रायव्हेट लिमिटेड कारखाने. त्यांचा बीआरएसआरशी संबंध नाही. त्यांचं पाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात, सीईटीपीत, जातं. एका टाकीत शंभर जणांची पापं. कुणाचं कुठलं, हे वेगळं काढता येत नाही. आणि त्यांनी बनवलेलं अर्धवट रसायन विकत घेऊन पुढचा स्वच्छ माल बनवतात त्या बड्या कंपन्या, ज्यांच्या अहवालात सांडपाण्याच्या रकान्यात शून्य असतं. पुरवठादारांची माहितीही द्या, असं सेबी म्हणणार होती. मार्च २०२५मध्ये ते ऐच्छिक करून टाकलं. त्या दिवशी मी सहाशे शब्द लिहिले. फोटो? सेबीच्या इमारतीचा.

दरवर्षी ६ जानेवारीला, ‘दर्पण’च्या आठवणीने, आम्ही पत्रकार दिन साजरा करतो. हार, नारळ, आणि एक परिसंवाद. परिसंवादाचा विषय गेली दहा वर्षं तोच आहे, फक्त शब्द फिरवलेले: डिजिटल माध्यमांमुळे पत्रकारितेचा दर्जा घसरला आहे काय. एकदा मला बोलावलं होतं, बहुधा घसरलेल्या बाजूची प्रतिनिधी म्हणून. माझ्याआधी एक ज्येष्ठ बोलले. छापील शब्दाची विश्वासार्हता, शाईचा वास, वगैरे. टाळ्या पडल्या. मला त्यांच्याविषयी आदर आहे, त्यांच्या हाताखाली मी शिकले आहे. पण शाईचा वास मलाही माहीत आहे. मी पुरवणीत असताना एका कारखान्याच्या नाल्याची बातमी दिवाळीच्या आठवड्यात ‘थोडी थांबवली’ होती आणि ती अजून थांबलेली आहे, कारण त्या कारखान्याची पानभर शुभेच्छांची जाहिरात आली होती. २००९च्या विधानसभा निवडणुकीत ‘पेड न्यूज’ हा शब्द देशभर गाजला तो आमच्याच महाराष्ट्रातून, आणि ती प्रकरणं मुख्यतः छापील कागदावरची होती. तेव्हा जाहिरात बातमीचा वेश घालून यायची. आता ती ‘ब्रँडेड कंटेंट’ म्हणून येते, वर मुंगीएवढ्या अक्षरात ‘प्रायोजित’. एकदा मी एका कंपनीला मिळालेल्या कारणे दाखवा नोटिशीची बातमी दिली, तर तिच्या शेजारच्या चौकटीत त्याच कंपनीचा ‘हरित प्रवास’ झळकत होता. वाचकाला वाटलं असेल दोन्ही बाजू दिल्या आहेत.

मी व्यासपीठावर हे सगळं बोलले नाही. तेवढं धैर्य नव्हतं. मी म्हटलं, पोर्टलवर मला मंडळाच्या आदेशाची मूळ प्रत बातमीखाली जोडता येते. छापील बातमीत तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागायचा, आता तुम्ही ताडून बघू शकता. चूक झाली तर तासाभरात सुधारता येते आणि सुधारली असं खाली लिहिता येतं. टाळ्या कमी पडल्या. प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थ्याने विचारलं, की मग खोट्या बातम्यांचं काय, सरकारनेच ठरवायला नको का? त्या काळात ते प्रकरण ताजं होतं. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने नियम बदलून, आपल्या कामकाजाविषयी ऑनलाइन काय खोटं आहे हे ठरवणारा तथ्यपडताळणी कक्ष नेमायची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, मग तिसऱ्यांच्या मतानंतर सप्टेंबर २०२४मध्ये ती रद्द झाली. मी त्या मुलाला म्हटलं, माझ्या क्षेत्रात खोटी बातमी ही लहान अडचण आहे. गॅसगळतीचा कुठलातरी जुना व्हिडिओ फिरतो, दोन तासांत कळतं. मोठी अडचण आहे ती खऱ्या बातमीची, जी एकदाच येते.

तो मुलगा नंतर चहाच्या रांगेत भेटला. म्हणाला, “मॅडम, एकदाच म्हणजे?” मी त्याला फोनवर माझ्या २०१७च्या बातम्या दाखवायला गेले. निळ्या कुत्र्यांनंतर मी तळोज्यावर आणखी चार-पाच बातम्या केल्या होत्या: कारखाना बंद झाल्यावर कामगारांचं काय झालं, सीईटीपीची क्षमता किती आणि पाणी किती येतं, पहाटे कळंबोली-खारघरला सडक्या अंड्यांचा वास का येतो, मच्छीमारांच्या बाजूने राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलेला अर्ज. लवादाने पुढे समिती नेमली, सीईटीपीला भरपाईपोटी कोट्यवधी रुपये भरायला सांगितले. हे सगळं कुत्र्यांपेक्षा कितीतरी मोठं होतं. मी दुवे उघडायला लागले. पहिला उघडेना. दुसरा उघडेना. मधल्या काळात आमच्या पोर्टलने यंत्रणा बदलली होती आणि कमी वाचल्या गेलेल्या जुन्या बातम्या नव्या घरात आणल्याच नव्हत्या. कुणी मुद्दाम काढल्या नाहीत. कुणाला त्या आठवल्या नाहीत, इतकंच. कुत्र्यांची बातमी मात्र होती. ती शोधावीही लागली नाही, नुसतं ‘तळोजा’ टाइप केलं तर आपण होऊन धावत आली.

छापील बातमीचं निदान कात्रण तरी असतं. दादांनी माझी कात्रणं बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत. हा मुद्दा ज्येष्ठांच्या बाजूचा आहे, आणि तो मी त्यांना फोन करून सांगितला. ते खूश झाले.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. शंभर पानी, दोन बाजूंनी लिहायची. एका बाजूला ठिकाण आणि तारीख, दुसऱ्या बाजूला पुढे कधी जायचं ते. पाठपुरावा हा आमच्या धंद्यातला जुना शब्द आहे. माझे ते ज्येष्ठ तो रोज वापरायचे, आणि आता तो बहुतेक नेत्यांच्या भाषणातच ऐकू येतो. ‘माझ्या पाठपुराव्याला यश’ वगैरे. माझ्या वहीत यश नाही. नोंदी आहेत. अमुक पुलाखाली फेस. अमुक चेंबरचं झाकण रात्री उघडं. अमुक कारखान्याने पाणी आटवून क्षार वेगळे काढायची यंत्रणा बसवली, चालू आहे, वाफेचा खर्च परवडत नाही असं मालक म्हणतो पण चालवतो आहे. ही शेवटची नोंद माझी आवडती आहे. एका माणसाने तोट्यात राहून, कुणी बघत नसताना, पाणी नाल्यात सोडलं नाही. याचा फोटो कसा काढणार? न सोडलेल्या पाण्याचा?

परवा वहीतली कासाडीची तारीख होती. पहाटे पाचला निघाले. नदी खाडीला मिळते त्या बाजूला एक आगरी मामा मला ओळखतात. त्यांची होडी आहे, जाळं आहे, आणि मासळी कमी झाल्यामुळे मुलगा एमआयडीसीत सुरक्षारक्षक आहे. ज्याच्यामुळे मासे गेले त्याच्याच फाटकावर तो रात्रपाळी करतो, यात मामांना काही विशेष वाटत नाही. दादांनाही वाटलं नसतं. पाणी शांत होतं, नितळ. काठच्या चिखलावर राखाडी साय. वास होता, पण वाऱ्याबरोबर येणारा-जाणारा, आत्ता होता म्हणेपर्यंत नसणारा.

“बापाचे टायमाला इथं जिताडा मिलायचा,” मामा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “ती कुत्र्यांची बातमी तूच केलेली ना गो?”

“सगळ्यांनीच केली होती, मामा.”

“मंग एखादा कुत्रा सोरू का पान्यान?”

आम्ही दोघंही हसलो. ते जरा जास्त वेळ हसले.

मी बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली. बीओडी मोजायला तीन दिवस लागतात. २७ अंशांवर बाटली बंद करून ठेवायची आणि तीन दिवसांनी बघायचं, आतला प्राणवायू किती उरला. कितीही घाई केली तरी तीन दिवसांचे दोन होत नाहीत. मला ते बरं वाटतं. मग पुलावर उभं राहून फोटो काढला आणि डेस्कला पाठवला, सोबत चारशे शब्द: या जागेवर आपण याआधी कधी कधी आलो, तेव्हा काय होतं, आता काय आहे, नमुन्याचा निकाल कधी येईल.

दहा मिनिटांत उत्तर आलं. “ताई, फोटोत काही दिसत नाहीये. दुसरा आहे का?”

“नाही. हाच लाव.”

“बरं. फोटोओळ काय टाकू?”

मी लिहून पाठवली. ‘कासाडी नदी, पहाटे पावणेसहा. पाणी नितळ दिसते आहे.’ आणि लगेच मागोमाग दुसरा मेसेज केला, की जागा कमी पडली तर वेळ काप, पण ‘दिसते आहे’ कापू नकोस.